नागरिकशास्त्राची पाचवी मुलगी

आमच्या घरी रविवारी जेवणं झाली की कोर्ट भरायचं. आम्हा मुलांना तो खेळ वाटायचा, अप्पांना मात्र तो कधीच खेळ वाटला नसावा. अप्पा, म्हणजे माझे वडील, इंदूरच्या कोर्टात शिरस्तेदार होते. न्यायाधीशांच्या खाली, डाव्या हाताच्या टेबलाशी बसायचं, मिसलींचे, म्हणजे खटल्यांच्या कागदांचे, गठ्ठे सांभाळायचे, मागतील तो कागद पुढे करायचा, नकला मुळाशी ताडून पाहायच्या आणि बरोबर असतील तर खाली सही करायची, हे त्यांचं काम. होळकर सरकार असताना ते त्या टेबलाशी बसले आणि मध्यभारत राज्य झाल्यावरही तिथंच बसून राहिले. बाहेरची पाटी बदलली, शिक्के बदलले, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान न्यायाधीश ग्वाल्हेरकडून यायला लागले, पण टेबल तेच राहिलं. इतक्या वर्षांत हजारो लोकांचं बोलणं त्यांनी ऐकलं, पण त्या खोलीत त्यांना स्वतःचं मत कुणी कधी विचारलं नाही. म्हणूनच की काय, रविवारी घरी ते न्यायाधीश व्हायचे.

रविवारी आई बाफले करायची. ही विद्या तिनं शेजारच्या गेंदालालजींच्या बायकोकडून उचलली होती. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकळायचे, मग गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे आणि चुरून, वर तूप ओतून खायचे. शेजारी त्याबरोबर झणझणीत डाळ असायची आणि आमच्याकडे आईचं गूळ-आमसूल घातलेलं वरण, त्यामुळे आमचे बाफले धड माळव्याचे नाहीत आणि धड देशावरचेही नाहीत, असे काहीतरी व्हायचे. पण चवीला असे की चौथा खाल्ल्यावर पाचव्याची इच्छा आणि भीती एकदमच वाटावी. त्या जेवणानंतर आमची सगळी रामबाग वस्ती आडवी व्हायची. गल्लीत कुणाच्या तरी रेडिओची खरखर आणि एखाद्या तांग्याच्या घोड्याची घुंगरं, एवढाच आवाज. आमच्याकडे मात्र चटई अंथरली जायची. अप्पा पत्र्याच्या मोठ्या ट्रंकेवर सतरंजी टाकून बसायचे, मी आणि ताई समोरासमोर, आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी सुपारी कातरत. गेंदालालजी बाहेरच्या दाराशी येऊन बसायचे. त्यांचं सराफ्यात नमकीनचं दुकान होतं. येताना कागदात बांधून शेव आणायचे आणि बसता बसता विचारायचे, "क्यों भिया, आज किसकी पेशी है?"

पेशी, म्हणजे सुनावणी, कुणाचीही असायची. बरणीचं झाकण कुणी फोडलं, वरण का लागलं, ओला टॉवेल गादीवर कुणी टाकला. एकदा खुद्द गेंदालालजींवर खटला चालला होता, कारण त्यांच्या गाईनं आमचे वाळत घातलेले पापड खाल्ले होते. त्यांनी हात जोडून गुन्हा कबूल केला आणि पुढच्या रविवारी दुप्पट शेव आणली. कोर्टाचे नियम दोनच होते. इथं उभं राहून खोटं बोलायचं नाही, आणि निकाल लागला की त्यावर कुरकुर करायची नाही. अप्पा हे नियम इतक्या गंभीरपणे सांगायचे की आम्ही हसता हसता थांबायचो.

मी सरकारी वकील आणि ताई आरोपीची वकील, असं ठरूनच गेलं होतं. ताईचं नाव विमल. माझ्याहून दीड वर्षानं मोठी, पण मुदतीच्या तापात तिचं एक वर्ष बुडालं, म्हणून आम्ही एकाच इयत्तेत आलो, ती मुलींच्या शाळेत आणि मी मुलांच्या. दिसायला किरकोळ, दोन वेण्या, बोलणं सावकाश. आणि ती प्रत्येक खटला जिंकायची. एकदा शिंकाळ्यातले लाडू कमी झाले. त्या दिवशी आमच्याकडे बसायला आलेल्या शेजारच्या लहानग्या मुन्नीवर मी आळ घेतला आणि चांगलं पाच मिनिटं भाषण ठोकलं. तिच्या हाताला तूप लागलं होतं, ती दुपारी घरात एकटी होती, तिला लाडू आवडतात, असे एकाहून एक पुरावे. माझं झाल्यावर ताई उठली, मुन्नीला उचलून शिंकाळ्याखाली उभं केलं आणि म्हणाली, "हात वर कर." मुन्नीचा हात आणि शिंकाळं यांच्यात दोन हातांचं अंतर होतं. ताई खाली बसली. अप्पा खूप वेळ मिशीतल्या मिशीत हसत होते. मग त्यांचा ठरावीक शब्द आला, "मुद्दा पटतो." लाडू मी खाल्ले होते हे त्यांना कळलं की नाही, ते मला अजून माहीत नाही.

मी याच शहरात चाळीस वर्षं वकिली केली. आता ऐंशी उलटली, कोट कपाटात आहे, पाय कोर्टाची पायरी चढत नाहीत. जिरह, म्हणजे उलटतपासणी, माझी चांगली, असं लोक म्हणत. मुलं माझ्या हाताखाली शिकायला येत. मी त्यांना ते शिंकाळं नेहमी सांगायचो, पण ते कुणाचं डोकं होतं हे सांगायचं टाळायचो. लोकांना वाटायचं, माझंच.

"मुद्दा पटतो" हे दोन शब्द अप्पांनी मला कधीच म्हटले नव्हते. ताईला म्हणायचे. आणि तरीही वकील मला करायचं, हे घरात सूर्य पूर्वेला उगवतो तितकं पक्कं होतं. अप्पा म्हणायचे, "जन्मभर बोलणाऱ्यांचं ऐकून घेतलं. आता घरातला एक तरी बोलणाऱ्यांच्या बाजूला उभा राहिला पाहिजे." हे म्हणताना ते माझ्याकडे बघायचे. मला काय व्हायचं आहे हे मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. मला फक्त त्यांच्या तोंडून ते दोन शब्द ऐकायचे होते.

नववीत गेलं की विषय निवडावे लागत. डॉक्टरकी किंवा इंजिनियरी करणाऱ्यांची वाट वेगळी. वकिलीकडे जायचं तर संस्कृत, इतिहास आणि नागरिकशास्त्र घ्यावं, म्हणजे पुढे बी.ए.ला आणि मग एल्‌एल.बी.ला पाया पक्का होतो, असं सगळे सांगत. त्यातही नागरिकशास्त्राचा रुबाब मोठा. राज्यघटना तेव्हा नवी कोरी होती आणि नागरिकांचे हक्क हा शब्द पोरांच्या तोंडातही नवाच होता. मुलींच्या शाळेत मात्र रिवाज गृहशास्त्राचा. रांधणं, शिवणं, बाळाला अंघोळ घालणं हे पुस्तकातून शिकायचं आणि त्याची परीक्षा द्यायची. नागरिकशास्त्र तिथंही कागदावर होतं, पण अट अशी की पाच मुली मिळाल्या तरच वर्ग निघेल. पाच कधी मिळाल्याच नव्हत्या.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात दोघांचेही फॉर्म घरी आले. त्या रात्री जेवताना ताई भातात कालवलेलं वरण पुन्हा पुन्हा कालवत होती. मग म्हणाली, "अप्पा, मी नागरिकशास्त्र घेऊ? मला वकिली करायची आहे." अप्पा हसले. रागानं हसले असते तर बरं झालं असतं, ते अगदी लाडानं हसले. "घरात दोन-दोन वकील झाले तर अशील कोण होणार?" म्हणाले. "आणि तुझी वकिली सासूपुढे चालली म्हणजे पुष्कळ झालं." आई हसली, मी तर मोठ्यानं हसलो. ताईसुद्धा हसली आणि पानावरून उठली. मला त्यात काही लागण्यासारखं वाटलं नाही. आज वाटतं, त्या हसण्यात मी नसतो तर निदान एक माणूस तिच्या बाजूला राहिला असता.

इथं अप्पांच्या सहीबद्दल सांगायला हवं. ते सही मोडीत करायचे. कोर्टाचं सगळं काम हिंदीत झालं तरी सही मोडीतच राहिली. एका दमात, हात न उचलता काढलेली, शेवटी डावीकडे वळवलेलं शेपूट. त्या सहीवर त्यांचं सगळं आयुष्य उभं होतं. त्यांची सही असलेली नक्कल पाहिली की मूळ कागद पाहण्याची गरज नाही, असं वकील म्हणायचे, आणि हे वाक्य अप्पा घरी येऊन आईला सांगायचे. मला मोडी शिकवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण मी टाळाटाळ करायचो. ताई बसायची. जुन्या रद्दी कागदांवरची अक्षरं ती अप्पांच्या शेजारी बसून लावायची आणि अप्पा तिच्या पाठीवर थाप मारायचे.

त्या पुढच्या आठवड्यात ताई तीन दिवस शाळेतून उशिरा आली. सिलाईच्या क्लासला होते, असं तिनं आईला सांगितलं. आईनं मान हलवली. मला मात्र एक गोष्ट माहीत होती. सिलाईच्या बहनजींचा, म्हणजे शिवणाच्या बाईंचा, मुलगा माझ्या वर्गात होता, आणि भाऊ आजारी म्हणून बहनजी आधीच्या शुक्रवारपासून बेटम्याला गेल्या होत्या. क्लास बंद होता. ताई कुठे जाते याचं मला काहीही पडलेलं नव्हतं. मैत्रिणीकडे जाऊन कैऱ्या खात असेल, इतपतच माझी समजूत. मला एवढंच दिसत होतं की या रविवारी ताई हरणार आहे आणि मी जिंकणार आहे. मी तो मुद्दा खिशात ठेवून आठवडाभर हिंडलो.

रविवारी अप्पांनी विचारलं, "आज कोणाची पेशी?" मी उठून म्हणालो, "आरोपी विमल. तीन दिवस घरी उशिरा येणे." ताईनं माझ्याकडे पाहिलं. क्षणभर तिला खरंच वाटलं असावं की मी थट्टा करतोय. गेंदालालजी दाराशी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आज तो वकीलसाब खुद ही कटघरे में."

मी विचारलं, "सोमवारी शाळा सुटल्यावर कुठे होतीस?"

"सिलाईच्या क्लासला."

"मंगळवारी?"

"तिथंच."

"बुधवारी?"

"सांगितलं ना, तिथंच."

"काय शिवलंस?"

"झबलं."

"कापड तू बेतलंस की बहनजींनी?"

"बहनजींनी बेतून दिलं."

एवढ्या वर्षांनंतरही तो आनंद मला आठवतो आणि त्याची लाज वाटते. मी सावकाश म्हणालो, अगदी ताई म्हणायची तसं सावकाश, "बहनजी शुक्रवारपासून बेटम्याला आहेत. क्लासला कुलूप आहे." गेंदालालजींनी मांडीवर थाप मारली, "वा भिया, क्या पकडा है." आणि अप्पा ट्रंकेवर पुढे सरकले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मुद्दा पटतो."

आई उंबऱ्यावरून पटकन म्हणाली, "मीच पाठवलं होतं तिला. मसाला आणायला." अप्पा म्हणाले, "साक्षीदाराला अजून पुकारलेलं नाही." ते अजून खेळातच होते. आईच्या हातातला अडकित्ता थांबला होता, हे मी पाहिलं, पण त्याचा अर्थ लावायला मी रिकामा नव्हतो. ताई म्हणाली, "या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं नाहीये." मग मी पुढचा प्रश्न विचारला. तो वाईट मनानं विचारला नव्हता. क्रमानं तोच येत होता म्हणून विचारला. "कुणाला भेटायला जात होतीस?"

खोलीतली हवा बदलली. गेंदालालजी मान खाली घालून शेवेच्या कागदाची घडी करू लागले. सोळा वर्षांची मुलगी तीन दिवस खोटं सांगून कुणाला तरी भेटायला जाते, हे शेजाऱ्याच्या समोर उच्चारलं गेलं होतं आणि उच्चारणारा तिचा भाऊ होता. अप्पांचा चेहरा न्यायाधीशाचा राहिला नाही, बापाचा झाला. ताईचे कान लाल झाले. ती उठून उभी राहिली. त्या घडीला तिच्यापुढे दोनच वाटा होत्या. गप्प बसून नको तो संशय अंगावर घ्यायचा, किंवा सगळं सांगून टाकायचं.

"मी चार मुलींच्या घरी गेले होते," ती म्हणाली. "त्यांच्या वडिलांना भेटायला. नागरिकशास्त्राला पाच मुली लागतात."

मग तिनं सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता तिचा आवाज घट्ट होत गेला. एका मुलीचे वडील पोस्टात होते. त्यांना तिनं सांगितलं की या विषयात पाठ करायला कमी असतं, मुलीला घरकामाला वेळ उरेल. दुसऱ्यांचं कापडाचं दुकान होतं. त्यांना म्हणाली, नोटीस आली तर घरातच वाचणारं कुणी असेल. तिसऱ्या मुलीच्या आजीनं ताईला दारातूनच परत पाठवलं, तर ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली आणि आजीचे पाय चेपत बसली, शेवटी आजीनंच मुलीच्या वडिलांना हो म्हणायला लावलं. चौथ्यांनी विचारलं, "तेरे पिताजी ने हां कर दी?" तेव्हा तिनं हो म्हणून सांगितलं. चार बाप तिनं तीन दिवसांत वळवले होते, प्रत्येकाला त्याच्या त्याच्या कामाचं कारण देऊन. पुढे मी मोठमोठे वकील पाहिले. पंधराव्या-सोळाव्या वर्षी हे करणारा एकही पाहिला नाही.

अप्पा ऐकत होते. त्यांचा चेहरा सैल होत गेला. मिशीच्या टोकाला ते हसू येऊ घातलं होतं. मला आजही खात्री आहे की मी त्या क्षणी चटईवर बसलो असतो तर अप्पांनी तिच्या पाठीवर थाप मारली असती, आणि मग कोण जाणे, सहीसुद्धा केली असती. पण माझा पहिला विजय माझ्या हातून निसटत होता. सगळे पुन्हा ताईकडेच बघत होते. मी विचारलं, "चार झाल्या. पाचवी कोण?"

"मी."

"फॉर्म दिलास?"

"दिला."

"पालकाची सही कुणी केली?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं नाही. अप्पांकडे पाहिलं. "मी केली," म्हणाली.

अप्पांनी एकच शब्द विचारला. "मोडीत?"

"हो."

ते ट्रंकेवरून उतरले. सतरंजीची घडी घातली, ट्रंकेवर ठेवली, तिचे कोपरे सरळ केले. "कोर्ट उठलं," म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. गेंदालालजी दाराबाहेर जाता जाता थांबले. "शिरस्तेदारसाब," ते आतल्या दाराकडे बघत हलक्या आवाजात म्हणाले, "बच्ची है. चार बापों को मना लिया, ये कोई छोटी बात है?" आई उठली आणि माझ्या थोबाडीत मारली. तिनं मला आयुष्यात तेवढं एकदाच मारलं. "जिंकलास ना?" म्हणाली. "पोट भरलं तुझं?"

दुसऱ्या दिवशी अप्पा कोर्टात उशिरा गेले, जे कधी झालं नव्हतं. ताईला घेऊन ते तिच्या शाळेत गेले. तिथं काय झालं ते ताईनंच मला पुढे सांगितलं. बडी बहनजींनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, फॉर्म काढून समोर ठेवला. त्या सहीकडे अप्पांनी पुष्कळ वेळ पाहिलं. ताई म्हणायची, नकला तपासताना बघायचे तसंच, रेघेरेघेनं. बहनजींनी विचारलं, "ये दस्तखत आपके ही हैं ना?" नाही म्हटलं असतं तर ताईचं नाव शाळेतून काढलं असतं. अप्पा म्हणाले, "मेरे ही हैं. विषय ग़लत लिखे गए हैं." मग त्यांनी स्वतःच्या पेनानं नागरिकशास्त्रावर आडवी रेघ मारली आणि वर गृहशास्त्र लिहिलं.

माझ्या वडिलांनी खोट्या कागदाला खरं म्हटलं, ते फक्त त्या एका दिवशी, आणि ते मुलीसाठी. हे मला समजतं आणि त्याबद्दल मी त्यांच्यापुढे मान लववतो. पण रात्री-अपरात्री नव्हे, चांगलं भर दुपारी आरामखुर्चीत बसल्यावर माझ्या मनात येतं की सही आपलीच म्हणून एकदा कबूल केलीत ना अप्पा, मग ती तशीच राहू द्यायची होती. एक रेघ मारली नसती तर काय बिघडलं असतं? हा प्रश्न मी त्यांना जिवंतपणी विचारू शकलो नाही. जिरह करणाऱ्या माणसाचं बापापुढे तोंड उघडलं नाही.

पाचवी मुलगी गेली, तेव्हा चार उरल्या, आणि वर्ग निघाला नाही. त्या चौघींनाही गृहशास्त्रच घ्यावं लागलं. त्यातल्या दोघी नंतर ताईशी बोलेनाशा झाल्या. आमच्या घरी कोर्ट पुन्हा भरलं नाही. रविवारी बाफले व्हायचे, जेवण झालं की अप्पा इतरांसारखे आडवे व्हायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. मोडीचे कागदही त्यांनी पुन्हा काढले नाहीत. गेंदालालजी महिनाभर येत राहिले, दारातून शेव देऊन जात राहिले, मग तेही कमी झालं.

ताईचं मॅट्रिक झाल्यावर दोन वर्षांत लग्न झालं. ती देपालपूरला गेली. नवरा शाळामास्तर, माणूस भला. तिथं गावातले लोक तिच्याकडे जुने मोडी कागद वाचायला आणायचे, अर्ज लिहून घ्यायचे. प्रकरण मोठं असेल तर ती त्यांना माझ्याकडे पाठवायची, आणि त्यांच्या हातात एक कागद द्यायची. त्यावर खटल्याचे मुद्दे तिच्या बारीक अक्षरात, एकाखाली एक मांडलेले असायचे. मी कोर्टात उभा राहून तेच मुद्दे बोलायचो. लोक माझे पाय धरायचे. ताई जाऊन आता अकरा वर्षं होतील. तिनं त्या रविवारचा विषय माझ्यापाशी एकदाच काढला, आणि तोही त्याच आठवड्यात.

माझा फॉर्म अजून कोराच होता आणि द्यायचा शेवटचा दिवस दुसऱ्या दिवशी होता. मी ताईशी बोलण्यासाठी चार दिवस निमित्त शोधत होतो. ती मागच्या पडवीत बसून शेगडीसाठी कोळसे फोडत होती. मी म्हणालो, "ताई, मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं, तर विचारलंस कशाला?" ती म्हणाली. रागावून नाही, खरंच विचारावं तसं.

मला रडू आलं. मी म्हणालो, मी वकिलीचे विषय घेणारच नाही, मी दुसरं काहीतरी घेईन, चित्रकला घेईन, मला काही नको. तिनं हातातला बत्ता बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मूर्ख आहेस. तू पण नाही घेतलंस, तर माझं गेलं ते कशासाठी गेलं? आण तो फॉर्म."

मी फॉर्म आणि दौत-टाक आणला. तिचे हात कोळशानं काळे होते, म्हणून तिनं कागदाला हात लावला नाही. ती सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. "पहिलं संस्कृत लिही. सोडू नकोस, कठीण वाटलं तरी. पुढे लॅटिन शब्द येतात म्हणे, ज्याचं संस्कृत पक्कं त्याला घोकंपट्टीची भीती राहत नाही. मग इतिहास. आता नागरिकशास्त्र. नीट अक्षर काढ. त्याच्या पुस्तकात न्यायालयांचं प्रकरण शेवटी आहे, ते तू आधी वाच." हे सगळं तिला कसं माहीत, असं मी विचारलं. ती म्हणाली, "पोस्टातल्या काकांचा भाऊ कॉलेजात आहे. त्याच्याकडून विचारून ठेवलं होतं."

फॉर्म भरून झाल्यावर तिनं मला तो पुन्हा मोठ्यानं वाचायला लावला. एका ठिकाणी शाई पसरली होती तिथं टीपकागद दाबायला सांगितला. मग ती कोळशांकडे वळली. "जा आता," म्हणाली. "अप्पांची सही घेऊन ये."

अप्पा बाहेरच्या खोलीत कोर्टाचे कपडे उतरवून बसले होते. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. आयुष्यभर ज्या माणसानं ओळ न् ओळ ताडून पाहिल्याशिवाय कुठल्याही कागदाखाली नाव लिहिलं नाही, त्यानं विषयांच्या रकान्याकडे नजरसुद्धा टाकली नाही. "कुठे करायची?" एवढंच विचारलं. मी बोटानं जागा दाखवली. त्यांनी सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.